सहा वाजून आठ मिनिटांची नोंद

ताईंनी पेनाचं टोपण दातांत धरलं, डाव्या हाताने लाल फोन उचलला आणि उजव्या हाताने नोंदवही पुढे ओढली.

"जुनं स्टेशन, केंद्र बोलतंय. चार वाजले. चाचणी सुरू. तुमचा संच ग्रिडमधून बाहेर."

"केंद्र, जुनं स्टेशन बोलतंय. चार वाजले. चाचणी सुरू. आमचा संच ग्रिडमधून बाहेर." पलीकडून शब्दाला शब्द लावून उत्तर आलं.

"बरोबर," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

लाल फोनचे नियम तीनच होते आणि ते शहराची वीज सांभाळणाऱ्या भार नियंत्रण केंद्रात नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाठ करायला लावत. सांगितलेलं समोरच्याने जसंच्या तसं परत म्हणायचं आणि आपण 'बरोबर' म्हणायचं; तोवर ते झालं असं धरायचं नाही. फोन आधी केंद्राने ठेवायचा, स्टेशनने नाही. आणि लाइनवर नाव, नातं, गप्पा काही नाही, कारण तिथला शब्दन् शब्द रेकॉर्ड होत असे. हे तिन्ही नियम ताई बावीस वर्षं पाळत आल्या होत्या. पलीकडे, कोळशावर चालणाऱ्या जुन्या वीज स्टेशनातून, त्यांचा सख्खा मोठा भाऊ बोलत असे, आणि तोही ते पाळत असे. किंबहुना ते त्यांना त्यानेच शिकवले होते, त्या नोकरीला लागल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात, दोन वाट्या कानाला लावून.

शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने घसा खाकरला. "चार वाजून एक मिनिट. बॅटरी शहाण्णव टक्के." या गृहस्थांना सगळा कक्ष 'घड्याळ' म्हणत असे. पडद्यावरचे आकडे सगळ्यांना दिसतात हे त्यांना माहीत होतं, पण मोठ्याने म्हटल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरी बायकोलाही ते दूध उतू जायला किती सेकंद उरलेत ते सांगतात, अशी वदंता होती.

काचेच्या भिंतीमागे पाहुणे बसले होते. तीन देशांचे तीन. त्यांच्यासमोर सल्लागार उभे होते, आणि सल्लागारांच्या मागे तो तक्ता.

तक्ता भिंतभर होता. आडवे सहा देश आणि सातवा रकाना आपला. कुठल्या देशाने कोळसा कसा सोडला, किती वर्षांत, कशाच्या जोरावर, असं सगळं एका नजरेत दिसावं म्हणून सल्लागारांनी दीड वर्ष देशोदेशी फिरून तो केला होता. माणूस हुशार होता आणि कामाला वाघ होता, हे ताईंनाही मान्य होतं. पहिल्या रकान्यातल्या देशाने सहा वर्षांत सगळी जुनी स्टेशनं बंद केली, वाऱ्याच्या जोरावर. दुसऱ्याने बंद काहीच केलं नाही, पण जुन्याच्या शेजारी नवं इतक्या वेगाने उभारलं की जुनं आपोआप मागे पडलं. तिसरा सगळ्यांत संथ होता. त्याने एकेका खाणकामगाराला बसवून विचारलं, तुला पुढे काय करायचंय, आणि त्यातच बारा वर्षं घालवली.

आपल्या रकान्यात पहिल्या देशाची मुदत आली होती, दुसऱ्याच्या बॅटऱ्या आल्या होत्या, आणि तिसऱ्याच्या ओळीत, जिथे माणसांचं काय ते लिहायचं होतं, तिथे 'विचाराधीन' असा शब्द होता. पहिल्या देशाच्या समुद्राखालून शेजाऱ्यांकडे पाच तारा जातात आणि वारा पडला की तो देश शेजाऱ्याकडून वीज उसनी घेतो, हे तक्त्यात तळाशी बारीक अक्षरात होतं. आपल्याला असा एकही शेजारी नव्हता. ताईंनी बैठकीत हात वर करून विचारलं होतं, "आपण त्यांची मुदत उचलली, तारा कुठे उचलल्या?" सल्लागार हसून म्हणाले होते, "ताई, म्हणून तर चाचणी."

ती चाचणी आज होती. चार ते आठ, चार तास, संपूर्ण शहर सूर्य, वारा आणि बॅटरीवर. जुनं स्टेशन थंड. मावळतीची वेळ मुद्दाम निवडली होती, कारण अवघड तीच असते. जमलं, तर सोमवारपासून जुनं स्टेशन कायमचं बंद. फसलं, तर स्टेशनला आणखी दोन वर्षं.

आणि दादाची नोकरी बरोबर दोन वर्षं उरली होती.

हे कुणी तोंडावर बोलत नव्हतं. पण सकाळपासून तीनदा सल्लागारांनी ताईंच्या खुर्चीमागून चक्कर मारली होती, आणि तिसऱ्यांदा न राहवून विचारलंच होतं, "तुमचे बंधू ना तिथे?"

"तिथे बॉयलरप्रमुख आहेत," ताई म्हणाल्या होत्या. "बंधू घरी."

उत्तर चोख होतं. पण नोंदवहीत एक ओळ रिकामी होती. काल सकाळी सहा वाजता बॉयलर थंड करायचा आदेश त्यांनी स्वतः लाल फोनवरून दिला होता, दादाने तो शब्दशः परत म्हटला होता, त्या 'बरोबर' म्हणाल्या होत्या. पण आदेश मिळाला म्हणजे झाला असं नव्हे. बॉयलर थंड झाल्याची खबर वेगळी यायची असते. ती आली नव्हती. आणि ताईंनी विचारली नव्हती.

का विचारली नाही, ते त्यांना ठाऊक होतं. रविवारी त्या दादाकडे जेवायला गेल्या होत्या. वहिनी वाढत होत्या, दादा खाली मान घालून जेवत होता. तो तसा नाकासमोर चालणारा माणूस. मधेच म्हणाला, "पोरं म्हणतायत, आग पूर्ण विझवू नका. आतल्या आत धुगधुगी ठेवा. गरम असेल तर वीस मिनिटांत वीज देता येते. थंड केला तर दुसरा दिवस उजाडतो."

"आदेश थंड करायचा आहे."

"आदेश आहे गं. पण शहर आहे ना. उद्या ढग आले, बॅटरी संपली, तर कुणाच्या तोंडाकडे बघशील?"

खरं तर हे काळजीचं बोलणं होतं. पण ताई गेले तीन महिने रात्री धड झोपल्या नव्हत्या, ऑफिसात येताजाता 'भावाची बहीण' म्हणून खोचक कटाक्ष झेलत होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणि तुम्ही वाचवलंत की चाचणी फसली, स्टेशन वाचलं, दोन वर्षं मिळाली. खरं सांग दादा, हे तू शहरासाठी करतोयस की खुर्चीसाठी?"

वहिनींचा हात वाढता वाढता थांबला.  दादाने ताटातला घास संपवला, उठला, हात धुतले आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "असं नको होतं म्हणायला." ताईंना ते त्याच क्षणी पटलं होतं, पण मागे वळायला पाय तयार नव्हते.

"पाच वाजून दोन मिनिटं," घड्याळ म्हणाले. "बॅटरी एक्क्याण्णव. पश्चिमेला ढग."

ढग हवामानाच्या नकाशावर नव्हते. ते एका टेकडीमागून आले आणि सौरपट्ट्यांच्या शेतावर येऊन ठिय्या देऊन बसले. पडद्यावरची पिवळी रेघ खाली आली, हिरवी रेघ, म्हणजे बॅटरी, तिची जागा भरायला धावली. शहराला काही कळलं नाही. शहरात लोक घरी येत होते, दिवे लावत होते, पाणी तापवत होते. लाल रेघ, म्हणजे शहराची भूक, दर मिनिटाला थोडी वर चढत होती.

साडेपाचला बॅटरी सत्तरवर आली. पावणेसहाला चोपन्न. ताईंनी खिडकी उघडायला सांगितली, मग पाचच मिनिटांनी बंद करायला सांगितली. दरीतला वारा रोज संध्याकाळी सुटतो. आज तो सहा पन्नासला सुटेल असा अंदाज होता. तोवर जे काही करायचं ते बॅटरीनेच.

"सहा वाजले. एकोणचाळीस," घड्याळ म्हणाले. त्यांचा आवाज आता नेहमीचा नव्हता. "मिनिटाला एक टक्का जातोय. सहा एकोणतीसला दहा होतील."

दहा टक्क्यांना बॅटरी आपोआप हात आखडता घेते. मग शहराचे भाग यंत्रच एकेक करून तोडतं. कुठला आधी ते यंत्र ठरवतं. तिथे कुणाची आजारी आई आहे, कोण लिफ्टमध्ये आहे, हे ते बघत नाही. चार वर्षांपूर्वी असं एकदा झालं होतं. इस्पितळाचा जनरेटर अकरा मिनिटं उशिरा चालू झाला होता. त्या अकरा मिनिटांची चौकशी पुढे वर्षभर चालली, आणि ताई त्या दिवशी याच खुर्चीवर होत्या.

सल्लागार काचेमागून बाहेर आले. चेहऱ्याचा रंग उतरला होता, पण आवाज ताब्यात होता.

"ताई, जुन्या स्टेशनला बोलवा."

"ते थंड आहे. तसा आपला आदेश आहे."

"अहो, आदेशाचं मला नका सांगू. जगात कुठल्याही देशात जुन्या स्टेशनातली माणसं पहिल्या चाचणीला आग पूर्ण विझवत नाहीत. मी सहा ठिकाणी बघितलंय. कुणी त्याबद्दल त्यांना बोलणार नाही. चाचणी फसली तर फसली. पाहुण्यांसमोर शहर अंधारात गेलं तर मी तोंड दाखवू शकणार नाही."

तक्ता करणारा माणूस तक्त्याबाहेरचं खरं बोलला, आणि ताईंना त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. पण त्यांचा हात फोनकडे गेला नाही. तो टेबलाच्या खणाकडे गेला.

खणात एक यादी होती. छापील नव्हे, यादीचं सांकेतिक कार्ड, जे यंत्रात सरकवलं की एकाच वेळी एकसष्ट हजार घरांना निरोप जात असे. तक्त्यातल्या पाचव्या देशाने, एका लहानशा बेटाने, हे केलं होतं: लोकांना आधीच विचारून ठेवायचं, की कधी अडचण आली तर पाऊण तास तुमचं पाणी तापवणं, धुलाईयंत्र, थंड हवेचं यंत्र बंद ठेवाल का. सक्ती नाही, बक्षीस नाही. तक्त्यात त्याला बोटभर जागा होती. ताईंनी तेवढंच उचललं होतं आणि वर्षभर सुट्टीच्या दिवशी वस्त्यावस्त्यांत, शाळांत, इमारतींच्या गच्चीवर सभा घेत फिरल्या होत्या. ऑफिसात त्याला 'ताईंची वर्गणी' म्हणत. त्या दिसल्या की कुणी तरी खिसे चाचपून दाखवायचं.

"ती वर्गणी नको," सल्लागार म्हणाले. त्यांनी खण उघडताना पाहिलं होतं. "आपले लोक? टीव्ही बंद करतील? दहातलं एक घर ऐकेल. आणि तोवर स्टेशनला बोलवायची वेळ टळून गेली असेल."

हेच तर होतं. स्टेशन गरम असलं तरी त्याला वीस मिनिटं लागणार. सहा एकोणतीसच्या आत वीज हवी, तर आत्ताच सांगायला हवं. यादी वापरून पाहू, नाही जमलं तर स्टेशन, असं करायला सवड नव्हती. दोन्हींतलं एकच.

काचेमागे पाचव्या देशाच्या पाहुण्या बाई उभ्या राहिल्या होत्या. साठीच्या, पांढरे केस आखूड कापलेले. त्यांनी ताईंच्या हातातलं कार्ड ओळखलं असावं. त्यांनी दोन्ही हात काचेवर टेकवले.

"त्यांच्याकडे पहिल्या वेळी किती घरांनी ऐकलं?" ताईंनी विचारलं.

"दहातल्या चारांनी," सल्लागार म्हणाले. "पण त्याआधी त्यांनी अंधारातला अख्खा एक हिवाळा काढला होता. आपल्याकडे कुणी काय काढलंय?"

"सहा सात. बत्तीस," घड्याळ म्हणाले.

ताईंना भीती वाटत होती. साधी, सरळ भीती, लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी. वर्षभर ज्या यादीसाठी वणवण केली तिच्यावर, वेळ आली तेव्हा, त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. आणि मनाच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, ज्याची त्यांना लाज वाटत होती: दादाने आग ठेवली असेल. नक्की ठेवली असेल. आपण एवढं बोलल्यावरही ठेवली असेल. त्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि लाल फोन उचलला.

"जुनं स्टेशन, केंद्र बोलतंय. सहा वाजून आठ मिनिटं. बॉयलरची स्थिती सांगा."

"केंद्र, जुनं स्टेशन बोलतंय. सहा वाजून आठ मिनिटं. बॉयलरची स्थिती विचारलीत." मग थोडं थांबून, "बॉयलर थंड आहे."

 पेन वहीवर टेकलं होतं ते तिथेच राहिलं. मग नियम आठवला, तोंडाने आपोआप तो पाळला.

"बॉयलर थंड आहे."

आता दादाने 'बरोबर' म्हणायचं होतं. बावीस वर्षांत या शब्दाला त्याने कधी श्वासाएवढाही वेळ लावला नव्हता. ताई ऐकत राहिल्या. आणि त्या शांततेत, त्याच्या आवाजामागे, त्यांना ती घरघर ऐकू आली.

ती त्यांना उभ्या जन्मात कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपाची घरघर. लहानपणी दोघं बाबांना डबा द्यायला जात तेव्हा फाटकापासून ऐकू यायची. पुढे बावीस वर्षं दादाच्या प्रत्येक वाक्याच्या मागे ती होती, इतकी की ताईंना ती दादाच्या आवाजाचाच भाग वाटायची. बॉयलर थंड असेल तर तो पंप चालवायचं काही कारण नसतं. कारण एकच असतं. आत आग आहे.

"लिहून घ्या," दादा म्हणाला. 'बरोबर' म्हणाला नाही.

ताईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला, जणू कक्षातल्या कुणाला ते ऐकू गेलं असतं. एक प्रश्न पुरेसा होता. 'स्थिती पुन्हा सांगा' एवढं म्हटलं असतं तर दादा दुसऱ्यांदा खोटं बोलू शकला नसता, हे त्यांना ठाऊक होतं. वीस मिनिटांत वीज आली असती. शहर वाचलं असतं, स्टेशन वाचलं असतं, दादाला दोन वर्षं मिळाली असती, सोमवारी त्याचं नाव पेपरात आलं असतं. त्याने आग ठेवली होती, शहरासाठी. आणि खुर्ची समोर आणून ठेवलेली असताना तो नको म्हणत होता. रविवारच्या प्रश्नाचं उत्तर त्याने आत्ता दिलं होतं, आणि ते दोघांशिवाय कुणाला कळणार नव्हतं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"केंद्र," दादा म्हणाला, "लाइन चालू ठेवा. मी इथेच आहे."

म्हणजे यादी फसलीच, तर अंधार रात्रभराचा होणार नव्हता.

"लाइन चालू," ताई म्हणाल्या. रिसीव्हर खांद्यात धरला, कार्ड उचललं आणि यंत्रात सरकवलं.

"काय म्हणाले?" सल्लागारांनी विचारलं.

"थंड आहे म्हणाले."

सल्लागार मटकन बाजूच्या खुर्चीत बसले.

निरोप ताईंनी वर्षभरापूर्वीच लिहून ठेवला होता. 'तुमची मदत आत्ता हवी आहे. पाऊण तास, जमेल तेवढं बंद ठेवा.' त्यांनी बोट टेकवलं. निरोप गेला.

"सहा नऊ. तीस," घड्याळ म्हणाले.

काही झालं नाही. लाल रेघ होती तिथेच होती. सहा दहाला एकोणतीस. सहा अकराला अठ्ठावीस. सल्लागार जमिनीकडे बघत होते. कानाशी पंप घरघरत होता, आणि त्यामागे दादाचा श्वास. त्याला तिथून काही दिसत नव्हतं, हे ताईंना जाणवलं. त्या मुद्दाम घड्याळांच्या बाजूला सरकल्या, म्हणजे आकडे रिसीव्हरमधून त्यालाही ऐकू जातील.

"सहा तेरा. सव्वीस."

कुठे तरी एखादी बाई ओल्या हाताने फोन उचलत असेल. कुणी तरी निरोप वाचून पुढे सरकवत असेल. कुणी म्हणत असेल, बाकीचे करतील. गच्चीवरच्या सभेत एका आजोबांनी विचारलं होतं, "मी एकट्याने बंद करून काय होणार?" 

"सहा चौदा. सव्वीस." घड्याळ थांबले. चष्मा काढला, पुन्हा घातला. "सव्वीसच. ताई, सव्वीसच."

लाल रेघ खाली येत होती. सरळ नव्हे. एक पायरी, मग थोडं थांबून दुसरी, मग एकदम तीन. वस्तीमागून वस्ती. सल्लागार उठून पडद्याजवळ गेले आणि तोंड उघडं टाकून बघत राहिले. दीड वर्ष देश मोजत हिंडलेल्या माणसाने स्वतःचा देश आत्ता पाहिला असावा.

तरी जिवात जीव यायला अजून अवकाश होता. टक्का आता अडीच मिनिटांना एक जात होता. सहा तीसला एकोणीस. सहा चाळीसला पंधरा. काही घरं कंटाळून पुन्हा चालू झाली, रेघ जरा वर सरकली, कुणी तरी पुन्हा बंद केलं, ती खाली आली. सहा पन्नासला अकरा. वारा नव्हता. पाहुण्या बाई काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या. कक्षातली माणसं श्वाससुद्धा जपून घेत होती.

"सहा एक्कावन्न. अकरा."

पंपाची घरघर कानाशी किंचित जड झाली. दादाने आच वाढवली होती. ताईंना ते समजलं, आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"सहा बावन्न. अक..." घड्याळांच्या तोंडून आकडा पुरा बाहेर पडला नाही. निळी रेघ, आतापर्यंत तळाशी झोपलेली, हलली. दरीतल्या पहिल्या तीन पंख्यांनी वारा पकडला होता. मग पाच. मग अकरा.

 घड्याळांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सहा पंचावन्न. बॅटरी बारा. चढतेय."

कानाशी घरघर पुन्हा हलकी झाली.

आठ वाजता पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या देशाच्या बाई थेट आत आल्या आणि दुभाषाची वाट न पाहता ताईंचे दोन्ही हात धरून काही तरी बोलल्या. सल्लागारांनी तक्त्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. सातव्या रकान्यात त्यांनी आपल्या हाताने एकच शब्द लिहिला: 'यशस्वी'. माणसांच्या ओळीतला 'विचाराधीन' तसाच राहिला. ताईंनी तो बघितला. उद्या बैठकीत पहिला हात आपला वर असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि तिसऱ्या देशाची बारा वर्षं मोठ्या अक्षरात मागायची असंही.

मग सगळे चहाला बाहेर गेले. घड्याळही गेले. लाल फोनचा रिसीव्हर वारा सुटल्यापासून टेबलावर उताणाच होता. लाइन चालू होती.

ताईंनी तो उचलला. वही पुढे ओढली.

"जुनं स्टेशन, केंद्र बोलतंय. आठ वाजून अठरा मिनिटं. चाचणी पूर्ण."

"केंद्र, जुनं स्टेशन बोलतंय. आठ वाजून अठरा मिनिटं. चाचणी पूर्ण." आवाज थकलेला होता. दोन तास उभ्यानेच असणार तो.

"बरोबर. सहा वाजून आठ मिनिटांची एक नोंद अपुरी आहे. बॉयलर थंड, असं मी परत म्हटलं होतं. तुमचं 'बरोबर' आलेलं नाही."

 दादा म्हणाला, "जरा थांबा."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. बुटांचा आवाज, लोखंडी जिना उतरत गेलेला. तेवीस पायऱ्या होत्या. लहानपणी दोघं मोजत. दूरवर कुणी कुणाला हाक मारली. जड झडप बंद झाल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने आणखी एक. ताई वहीवर पेन टेकवून बसल्या होत्या.

मग घरघर उतरू लागली. आधी जाड झाली, मग बारीक, मग एकेक फेरा वेगळा ऐकू येईल इतकी सावकाश. शेवटचा फेरा झाल्यावर पुढचा आला नाही.

जिन्यावर बूट परत आले. रिसीव्हर उचलला गेला. दादाचा श्वास ताईंनी या लाइनवर पहिल्यांदा नुसता, घरघरीविना ऐकला.

"बरोबर," तो म्हणाला.

ताईंनी नोंद पुरी केली. सही केली. आता फोन ठेवायचा होता, आणि त्या ठेवत नव्हत्या.

"दादा," त्या म्हणाल्या.

लाइनवर हा शब्द बावीस वर्षांत कधी उमटला नव्हता.  पलीकडे त्याने घसा साफ केला, आणि नव्या माणसाला समजावतात तसं, हळू बोलला.

"केंद्र, फोन ठेवा. आम्हाला आधी ठेवता येत नाही."